बायबल वाचताना तिसऱ्यांदा लेवीयमध्ये थांबले. एकटीनं शास्त्र वाचायची सवय टिकवायची कशी?

शांतवेळ

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी विश्वासी घरात वाढले. रविवारच्या शाळेत वचनं पाठ केली, उपासनेत शास्त्रपाठ वाचायला कितीतरी वेळा उभी राहिले. पण एकटीनं, रोज, स्वतःसाठी बायबल वाचणं मला आजवर जमलेलं नाही.

लागोपाठ तीन वर्षं १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात केली. उत्पत्ती भराभर वाचून होतं, निर्गमचा पहिला अर्धा भागही. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या वस्तीसाठी उभारायच्या तंबूची, मापं सुरू होतात, इतके हात लांब, इतके हात रुंद, पडदे, कड्या, खुंट्या. त्यानंतर लेवीय, अर्पणांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचं पुस्तक. पहिल्या वर्षी लेवीय ७ ला थांबले, दुसऱ्या वर्षी १३ ला, जिथे महारोगाच्या चट्ट्यांबद्दल आहे.

यंदा म्हटलं घाई नको. फोनवर ॲप घेतलं आणि रोज दोनच अध्यायांची योजना निवडली. त्या गतीनं सगळं शास्त्र वीसेक महिन्यांत होतं. वाचून झालं की खूण करायची, आणि वरती सलग किती दिवस झाले त्याचा आकडा दिसतो. ४७ दिवस झाले. खरं सांगते, त्यातल्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत काय वाचलं ते त्याच रात्री कुणी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. झोपताना बोटानं मजकूर वर सरकवायचा, खूण करायची आणि दिवा मालवायचा.

४८व्या दिवशी आईला रुग्णालयात दाखल करावं लागलं. चार दिवसांनी तिच्या पलंगाशेजारी बसून ॲप उघडलं तर आकडा शून्य, आणि खाली आठ अध्याय बाकी. मी ते बंद केलं आणि तीन आठवडे बायबलला हात लावला नाही. आई आता घरी आहे, बरी आहे. पण ज्या दिवसांत मला वचनाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तेव्हाच मी दूर राहिले. हे मनातून जात नाही.

म्हणून विचारते. पुन्हा सुरुवात कुठून करू? राहिलेले दिवस भरून काढायचे का? आणि वाचणं वेगळं, अभ्यास वेगळा असं सगळे म्हणतात, तर वही घेऊन बसल्यावर माणसं तिच्यात नेमकं लिहितात काय?

---

जुनी_वही

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची वाट त्यानेच अडवली आहे. राहिलेले दिवस भरून काढू नका. एकही नाही. निर्गमच्या १६व्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवानं रानात दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा होता, आणि ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. तिथे कालची बाकी कुणी कुणाकडे मागितली नाही. ज्या सकाळी उठाल त्या सकाळचं वाचा.

आता माझं सांगतो. मी ३४ वर्षं रोज वाचतो आहे. त्यातली पहिली ११ वर्षं मी दर वर्षी संपूर्ण शास्त्र वाचलं. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन आणि अधूनमधून चार. त्या वर्षांचा मला फायदा झाला. कुठला राजा कुठल्या संदेष्ट्याच्या काळातला, कोण आधी आणि कोण नंतर, हे डोक्यात बसलं. पण बाराव्या वर्षी आमच्या तरुणांच्या सभेत एका मुलानं विचारलं, “काका, मार्कचं शुभवर्तमान मत्तयपेक्षा वेगळं कसं आहे?” अकरा वेळा वाचूनही मला उत्तर देता आलं नाही. फक्त ‘ते लहान आहे’ एवढंच सुचलं. घरी येऊन त्या रात्री मी योजनेचा कागद बायबलमधून काढून ठेवला.

मग मी फक्त मार्क घेतला. १६ अध्याय, सलग वाचले तर साधारण दीड तास. रविवारी दुपारी दार लावून एका बैठकीत सगळा वाचला. आठवड्यात रोज थोडा थोडा, पुढच्या रविवारी पुन्हा सगळा. असे पाच रविवार केले. दुसऱ्या वाचनात जाणवलं की या पुस्तकाला उसंत नाही. ‘लगेच’, ‘तत्काळ’ हे शब्द सारखे येतात. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द चाळीसच्या आसपास वेळा आहे. येशू चालतो आहे, बरं करतो आहे, पुढच्या गावी निघाला आहे. मग ११व्या अध्यायापासून तो यरुशलेमेत येतो आणि गती अचानक मंदावते. शेवटचे सहा अध्याय जेमतेम एका आठवड्याचे आहेत.

तिसऱ्या वाचनात ८व्या अध्यायापाशी मी थबकलो. बेथसैदात येशू एका आंधळ्याला दोन टप्प्यांत बरं करतो. पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं झाडांसारखी दिसतात, पण चालताना. पुन्हा हात ठेवल्यावर सगळं स्पष्ट दिसू लागतं. मला वर्षानुवर्षं हे विचित्र वाटायचं. एकदाच का नाही? त्या दुपारी नजर आपसूक पुढच्या ओळींवर गेली. लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि त्यानंतर, मनुष्याच्या पुत्रानं (येशू स्वतःला असं म्हणतो) पुष्कळ दुःख सोसावं आणि मारलं जावं हे ऐकल्यावर तोच पेत्र येशूला बाजूला घेऊन दटावू लागतो. पेत्राला दिसू लागलं होतं, पण झाडांसारखं. त्याच्या डोळ्यांवर अजून एकदा हात ठेवला जायचा होता. ही गोष्ट फक्त मार्कमध्ये आहे. पुस्तकाच्या बरोबर मध्यावर ती का ठेवली असेल हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि मी खुर्चीतच गुडघ्यांवर वही ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

त्यानंतर मी एक महिना एक पुस्तक असंच वाचतो. मोठं असेल तर तीन महिने. म्हणून सुरुवात कुठून करावी याचं माझं उत्तर मार्क.

लेवीयबद्दलही सांगायला हवं, कारण ते पुस्तक कंटाळवाणं आहे असं तुम्ही मनात पक्कं केलंत तर तुमचंच नुकसान आहे. ते एकटं वाचायचं नाही, निर्गमच्या शेवटापासून वाचायचं. तुम्हाला ज्या मापांचा कंटाळा आला ती दोनदा येतात. निर्गम २५ ते ३१ मध्ये देव मोशेला निवासमंडप कसा करायचा ते सांगतो, आणि ३५ ते ४० मध्ये लोक तो तसाच करतात. मधल्या ३२ ते ३४ मध्ये काय आहे? लोकांनी पूजेसाठी केलेलं सोन्याचं वासरू. देव त्यांच्यात राहायला येण्याची तयारी सांगतो आहे, आणि त्याच वेळी डोंगराखाली लोक वासरासमोर नाचत आहेत. तिथेच सगळं संपायला हवं होतं. तरी ३५ पासून त्याच कड्या, तेच पडदे, तेच हात पुन्हा येतात. म्हणजे देव तरीही येणार आहे! हे लक्षात आल्यापासून मी ते अध्याय हळू वाचतो.

४०व्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वराचं तेज मंडपात भरतं आणि मोशेला आत जाता येत नाही. लेवीयच्या पहिल्या वचनात परमेश्वर मंडपातून मोशेला हाक मारतो, म्हणजे मोशे अजून बाहेरच आहे. लेवीयनंतरच्या गणना या पुस्तकाच्या पहिल्या वचनात परमेश्वर दर्शनमंडपात मोशेशी बोलतो. बाहेर असलेला माणूस आत कसा आला? या दोन वचनांमध्ये लेवीय आहे. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण ही सगळी पवित्र देवाजवळ जाण्याची वाट आहे. पुस्तकाच्या मध्यावर १६वा अध्याय येतो, प्रायश्चित्ताचा दिवस. पुढच्या वेळी आधी तो वाचा आणि मग पहिल्या अध्यायाकडे या.

राहिली रुग्णालयातल्या दिवसांची गोष्ट. माझी पत्नी आजारी होती त्या सात महिन्यांत मी फक्त स्तोत्रसंहिता वाचली, तीही धड नाही. कधी चार ओळी, कधी पुस्तक हातात धरून नुसता बसायचो. तेव्हा ८८वं स्तोत्र माझं झालं. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. पण तो माणूस रात्रंदिवस देवालाच हाक मारतो आहे, दुसऱ्या कुणाला नाही. ते शास्त्रात ठेवलं गेलं याचा मला फार आधार वाटला. आईच्या उशाशी तुम्ही त्या चार दिवसांत एकदा जरी ‘प्रभू’ म्हणाला असाल, तर तुम्ही दूर नव्हता, ताई.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी असते. पहाटे उठून शांत वेळ, म्हणजे एकट्यानं वाचन-प्रार्थनेची वेळ, घ्यावी हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि माझी पहाट वॉर्डात जाते. कित्येक वर्षं मला वाटायचं की माझ्यासारखीला ही सवय लागणारच नाही.

शेवटी मी घड्याळ सोडून दिलं. माझं वाचन वेळेला बांधलेलं नाही, एका कामाच्या मागे बांधलेलं आहे. घरी आले, हातपाय धुतले, की वाचायचं. मग सकाळचे आठ असोत की रात्रीचे दहा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावते. छापील बायबल उशीवर ठेवून कामाला जाते, म्हणजे आडवं व्हायचं तर ते हातानं उचलावंच लागतं. उचललं की उघडलं जातं.

वाचते किती? आठ वचनं. मी ११९व्या स्तोत्रापासून सुरुवात केली, कारण ते देवानंच माझ्यासाठी पाडून ठेवल्यासारखं आहे. १७६ वचनं, आठ-आठांचे २२ भाग, इब्री वर्णमालेतल्या एकेका अक्षराचा एक. आपल्या बायबलातही आलेफ, बेथ, गिमेल असे मथळे असतात. दमून आलेल्या माणसाला आठ वचनं झेपतात. २२ वाचनांत ते संपलं, मग पुन्हा आलेफपासून. आता त्यातले चार-पाच भाग तोंडपाठ आहेत आणि रात्री तीन वाजता रुग्णांच्या नोंदी करताना ते मनात चालू असतात.

बसमधून येताना मी ध्वनिमुद्रित बायबल ऐकते. काही जण म्हणतात ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. पण पौलाची पत्रं पहिल्यांदा मंडळीत मोठ्यानं वाचली गेली आणि बहुतेकांनी ती कानांनीच ऐकली.

---

शांतवेळ

दोघांचंही वाचून रडू आलं. काका, ८८वं स्तोत्र काल रात्री काढून वाचलं. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि मला माहीत नव्हतं.

वहीचं मात्र अजून कळलं नाही. आणि एक जोडून विचारते. रुग्णालयात मला निदान पाच जणांनी यिर्मया २९:११ पाठवलं, ‘हिताचे संकल्प’ असलेलं वचन. ते वाचून धीर आला, पण मनात शंकाही आली की हे मला, आज, असं थेट घेता येतं का?

---

बिरुयाकर

शंका आली हे चांगलं लक्षण आहे. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया नगराच्या लोकांची वाखाणणी त्यासाठीच केली आहे. पौल सांगतो ते खरं आहे का हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत होते. माझं इथलं नाव तिथूनच घेतलं आहे.

यिर्मया २९ हे पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं. आता एक अध्याय मागे जा. २८ मध्ये हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयाचं पत्र मात्र सांगतं की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत आणि अकराव्यात हिताचे संकल्प. पत्र ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

मग ते वचन तुमचं नाही का? आहे, आणि मला वाटतं पाच जणांनी ज्या अर्थानं पाठवलं त्यापेक्षा जास्त आहे. लवकर सुटका होईल असं ते म्हणत नाही. लांबलेल्या, मनाविरुद्धच्या दिवसांतही देवानं तुमच्याबद्दलचा विचार सोडलेला नाही, असं ते म्हणतं. रुग्णालयातल्या बाकावर मला दुसरं वाक्य जास्त उपयोगी पडलं असतं.

वहीत मी हेच लिहितो. डाव्या पानावर फक्त जे आहे ते: कोण बोलतो, कुणाला, आधी काय घडलं, नंतर काय येतं, कुठला शब्द परत परत येतो, ‘म्हणून’ आणि ‘पण’ कुठे आहेत. अजून अर्थ नाही, शिकवण नाही, नुसतं पाहणं. उजव्या पानावर न कळलेल्या गोष्टी, प्रश्न म्हणून. तळाशी एक ओळ प्रार्थनेची, त्याच शब्दांत जे आज वाचले. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी उघडला की डोळे आपलं काम थांबवतात. दुसरं भाषांतर मात्र सुरुवातीपासून शेजारी ठेवावं. दोन भाषांतरांत शब्द वेगळा दिसला की तिथे थांबून पाहण्यासारखं काहीतरी असतं.

अध्यायाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी पाडले, नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकानं छापले. लेखकांच्या हातून ते आलेले नाहीत. यशया ५३ प्रसिद्ध आहे, पण दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत ५२:१३ पासून सुरू होतं. अध्याय पाहून सुरुवात केली तर पहिली तीन वचनं हातची जातात, आणि त्यातच देव म्हणतो की माझा सेवक उंचावला जाईल.

ॲपच्या आकड्याबद्दलही एक सांगतो. रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकानं १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी वर्षाची वाचनयोजना केली. ती आजही जगभर वापरली जाते. पण योजनेसोबत त्यानं धोकेही लिहून दिले होते: नुसती औपचारिकता होणं, आपण फार धार्मिक आहोत असं वाटू लागणं, निष्काळजीपणे वाचणं, आणि झेपणार नाही असं जू मानेवर येणं. तुमच्या ४७ दिवसांत यातलं काय काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. ज्यानं योजना केली त्यालाही हे दिसत होतं.

---

जुनी_वही

बिरुयाकरांच्या दोन पानांना माझं अनुमोदन. भर एवढीच की उजव्या पानावरचे प्रश्न खोडू नका. माझ्या १९९८ सालच्या वहीत एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला २००९ मध्ये इब्री लोकांस पत्र वाचताना मिळालं. मागे जाऊन त्या पानावर तारीख घातली.

---

शांतवेळ

सहा आठवड्यांनी परत आले. सांगितल्याशिवाय राहवेना.

ॲप काढलं. साधी दोनशे पानी वही घेतली आणि मार्क. आईचे कपडे घडी करून ठेवले की वाचायचं, असं कामाच्या मागे बांधलं. या सहा आठवड्यांत दोनदा खंड पडला, एकदा दोन दिवस, एकदा पाच. पाच दिवसांनंतर उघडताना हात जड झाला होता. तरी जिथे होते तिथूनच पुढे वाचलं, मागचं काही भरलं नाही.

पाचव्या अध्यायात मला स्वतःचं काहीतरी सापडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. याईराची मुलगी मरायला टेकली आहे, येशू तिच्या घरी निघाला आहे, आणि वाटेत रक्तस्रावाचा आजार असलेली बाई त्याच्या वस्त्राला हात लावते. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत शिकवली आहे. पण डाव्या पानावर नुसतं ‘जे आहे ते’ लिहिताना दिसलं की ती बाई बारा वर्षं आजारी होती, आणि ती मुलगी बारा वर्षांची होती. एका घरात मूल जन्मलं त्याच सुमारास दुसरीकडे एका बाईचं दुखणं सुरू झालं. बारा वर्षांनी दोघी एकाच दिवशी, एकाच वाटेवर. आणि त्या बाईपाशी येशू थांबला म्हणून याईराला उशीर झाला. याईर तिथे उभा राहून काय विचार करत असेल? मी उजव्या पानावर लिहिलं: ‘याईर वाट पाहताना काय म्हणाला?’ शास्त्र काही सांगत नाही. रुग्णालयातल्या व्हरांड्यात मी तशीच उभी होते, दुसऱ्यांचे नंबर आधी लागत होते.

आईला हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “येशू त्या बाईला ‘मुली’ म्हणतो बघ. याईराचीही मुलगीच.” मी डोळे फाडून पानाकडे पाहत राहिले. ते मला दिसलं नव्हतं. आईच्या नावानं वहीत लिहून ठेवलं.

काका, उद्याच्या रविवारी माझं चौथं सलग वाचन आहे. आईला चष्मा नवा मिळाला आहे. पहिले आठ अध्याय ती मोठ्यानं वाचणार आहे, पुढचे आठ मी. बेथसैदाचा आंधळा तिच्या वाट्याला आला आहे.